एकाहत्तर पोपटी साड्या

पाटी, पहिली

*विनिता साडी सेंटर. हळदीसाठी एकसारख्या साड्या भाड्याने मिळतील. नवी की जुनी? ओळखून दाखवा!*

नवशा पेंटरने ही पाटी रंगवली तेव्हा विनिताकडे गाळा नव्हता, साड्या नव्हत्या आणि गिऱ्हाईक तर नव्हतंच. होती ती फक्त पाटी! विनिताचं म्हणणं असं, की पाटी एकदा रंगवली की माणसाला मागे फिरायला लाज वाटते.

"शेवटचं वाक्य काढू का, वहिनी?" नवशाने विचारलं होतं. "आव्हान दिल्यासारखं वाटतंय."

"आव्हानच आहे ते! आणि ठळक लिहा!"

कल्पना तिला कपाटासमोर सुचली. कोन गावातल्या त्या घरात, विनिताच्या कपाटात, अकरा हळदींच्या अकरा साड्या पडून होत्या. आपल्याकडे हळद म्हटली की घरातल्या, भावकीतल्या, आळीतल्या सगळ्या बायकांना एकच साडी! फोटो झकास येतो. पण दुसऱ्या दिवसापासून ती साडी जन्माची निकामी. बाजारात नेसून जावं तर समोरून तीच साडी कोथिंबीर निवडत उभी असते! साड्या नव्याकोऱ्या, आणि नेसायची कुणाची छाती नाही. आणि पलीकडच्या गावात कुणीतरी वरमाय साठ-सत्तर साड्यांच्या खरेदीने बेजार होऊन बसलेली!

विनिता कपाटाचं दार धरून पाच मिनिटं उभी राहिली. मग जी धावत सुटली ती थेट सासूबाईंच्या खाटेपाशी.

जानकीबाईंच्या कमरेला एक किल्ली असे. घराखालच्या रिकाम्या गाळ्याची. किल्लीवर डोळा दोघांचा. धाकटा मुलगा मनोज याला तिथे पाण्याचे जार भरून विकायचे होते. आणि विनिताला तिथे काय करायचं होतं, ते दर सहा महिन्यांनी बदलत असे.

"एका हलदीची साडी दुसऱ्या हलदीला कोन नेसल गो?" जानकीबाई म्हणाल्या.

"दुसऱ्या गावातल्या बायका, आई! ज्या गावाने ती पाहिलीच नाही!"

"आन् फसली कल्पना तं?"

"फसणारच नाही!"

"मश्रूमच्या टायमाला असाच बोललीस."

"मश्रूमला हवा मानवली नाही."

"आन् त्या मेणबत्त्या?"

"मेणबत्त्यांना मे महिना मानवला नाही."

जानकीबाईंनी किल्ली हातात घेतली, तिच्याकडे बघितलं, सुनेकडे बघितलं. "एक हलद. एक पन तक्रार आली न्हाय पायजे. न्हाय आली तं गाला तुजा. आली, तं किल्ली मनोजला. आन् तू बसायचं खाली, त्याच्या जारांना झाकनं लावीत."

"कबूल!" विनिता म्हणाली.

मनोज पलीकडे आंघोळीला निघाला होता. तो थांबला, टॉवेल खांद्यावर टाकला आणि म्हणाला, "वहिनी, झाकणं निळी मागवू की पांढरी?"

नवरा दौलत पेपर वाचत राहिला. कशेळीच्या गोदामात सुपरवायझर असल्यामुळे, दोन पार्ट्यांच्या वादात माल उतरेपर्यंत गप्प राहायचं हे त्याला ठाऊक होतं.

साड्या

जानकीबाईंचं माहेर खारबाव. तिथे दोन वर्षांपूर्वी एक मोठी हळद झाली होती आणि एकाहत्तर बायकांना पोपटी साडी मिळाली होती. पोपटी अंग, केशरी काठ. पोपट आणि गाजराचं परस्पर जमावं तसा रंग! पण कापड जाड आणि चमक अशी, की फोटोत नवरीसुद्धा फिकी पडली होती म्हणे.

विनिता एका टेम्पोत एकाहत्तर स्टीलचे डबे घेऊन खारबावला पोचली. साडी द्या, डबा घ्या! झाकणाचा, दोन किलो तांदूळ मावतील असा.

पहिला डबा हौसामामींनी हातात घेतला. मामी म्हणजे जानकीबाईंच्या भावजय, आणि खारबावच्या बायकांचा अख्खा कारभार त्यांच्या जिभेवर. त्यांनी डबा वाजवला. झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. उलटा धरून हलवला. जावई पारखताना केली नसेल एवढी चौकशी केली.

"मजबूत हाय," त्या म्हणाल्या. "घेऊन जा ती साडी. डोल्यांसमोर नको. गावात जिथं बघावा तिथं तीच!"

तासाभरात एकाहत्तर साड्या टेम्पोत आल्या. भिवंडीत अब्दुलभाईंची लाँड्री. साड्यांच्या रोल-प्रेस इस्त्रीला त्यांच्यासारखा हात नाही. चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"भाभी, माल तयार. एक डाग राहिला न्हाय. आणि फिकर करू नका, तुमच्या मन्नतीचा एक पण धागा तुटू दिला न्हाय! पोरांना सांगितलं, हात लावाल तर याद राखा, ही लोकांच्या श्रद्धेची बात आहे."

"कसली मन्नत?" विनिता म्हणणार, तेवढ्यात दुसऱ्या फोनवर रिंग वाजली. पहिलं गिऱ्हाईक! "हो हो, छान केलंत, भाई!" असं म्हणून तिने अब्दुलभाईंचा फोन ठेवून दिला.

(ते "हो हो" लक्षात ठेवा. पुढे ते एसटीच्या वेगाने अंगावर येणार आहे.)

वहीतलं पान

*नियम एकच. ज्या गावाची साडी, त्या गावाची सोयरीक असलेल्या गावात ती जायची नाही.*

यासाठी विनिताने जुन्या कॅलेंडरच्या मागे नकाशा काढला. प्रत्येक गावाला एक गोल. या गावची मुलगी त्या गावात दिली, की एक रेघ. जानकीबाई सांगत गेल्या, विनिता ओढत गेली. दोन तासांनी नकाशा मागावर तुटून गुंतलेल्या धाग्यांसारखा दिसू लागला. कोणतंही गाव धरा, खारबावला जाऊन चिकटतंय! सगळा तालुका म्हणजे एकमेकांचे साडूच!

शेवटी एक गोल सापडला. कशेळी. खारबावची एकही मुलगी तिथे दिलेली नाही, आणि तिथली एकही खारबावला नाही. आणि फोनवरचं गिऱ्हाईक नेमकं कशेळीचं! चंद्राकाकू. त्यांच्या मुलाचं, भाविकचं, लग्न.

"भाड्याच्या आहेत हे कुणाला कळता कामा नये, पोरी," चंद्राकाकू कुजबुजल्या. "मी सगळ्यांना सांगितलंय, सुरतेवरून मागवल्या."

"काकू, कळलं तर मी पाटी उतरवते!"

"नवरी कुठली?" विनिताने पुढे विचारलं. विचारलं बरं का! एवढी काही ती बेसावध नव्हती.

"कल्याणची. बापाचा फ्लॅट हाय तिथं."

कल्याण! विनिताने वहीत कल्याण लिहिलं, त्याखाली दोन रेघा मारल्या आणि डोक्याला खोबरेल लावून निवांत बसली.

इथे थोडं थांबू. खवणी.

कथा ऐन भरात असताना नारळाच्या खवणीबद्दल बोलणं बरं नाही, पण इलाज नाही.

हौसामामींना एक धाकटी जाऊ. पार्वती. अकरा वर्षांपूर्वी, विनिता सून होऊन येण्याआधी, दोघींची एक खवणी होती; म्हणजे एकीची होती आणि दुसरीने नेली होती, पण कुणाची आणि कुणी, यावर मतभेद होते. मामी म्हणत, माझ्या माहेरची. पार्वती म्हणे, माझ्या लग्नातली. खवणीवर नाव घातलेलं नव्हतं. नाव असतं तर एका मिनिटाचं काम! नव्हतं, म्हणून एक महिना भांडण, मग चुली वेगळ्या, मग पार्वती मुलाच्या नोकरीचं निमित्त करून खारबाव सोडून निघून गेली. खवणी घेऊन.

गेली कुठे? कशेळीला. राहते कुणाच्या शेजारी? चंद्राकाकूंच्या.

विनिताच्या नकाशावर लग्नाच्या सगळ्या रेघा होत्या. भांडणाची रेघ काढायची असते, हे तिला सुचलंच नव्हतं.

बस

हळदीच्या दिवशी दुपारी विनिता स्वतः कशेळीला हजर होती. एकाहत्तर बायकांना साड्या नेसवल्या, पिना लावल्या, मोजून घेतल्या. भाविकला हळद लागली. बेंजो वाजत होता. बायका अशा चमकत होत्या, की रस्त्यावरचे ट्रकवाले हॉर्न द्यायचे विसरले. "सुरत काय माल काढते!" पार्वती कौतुकाने पदर फिरवत म्हणाली. विनिताने मनातल्या मनात गाळ्याला आतून गुलाबी रंग देऊन टाकला.

आता उष्टी हळद नवरीकडे न्यायची. पितळी ताटात हळद, वर रुमाल, आणि बायकांची बस. विनिता दारात उभी राहून एकेकीला वर चढवत होती. सहज, अगदी सहज, तिने ड्रायव्हर एजाजभाईंना विचारलं, "कल्याणला पोचायला किती लागेल?"

"कल्याण कशाला, ताई? खारबावला जायचंय ना."

विनिताचा एक पाय पायरीवर, एक जमिनीवर. "खा..."

"अगो, नवरी राहायला कल्याणला," चंद्राकाकू आतून म्हणाल्या. "गाव खारबाव! आज्याचा हट्ट, हलद गावच्या अंगनातच लागायला पायजे. चल, चढ! ताट धर!"

झालं होतं ते असं. विनिताने झालेली सगळी लग्नं तपासली होती. होणारं लग्न तपासायचं राहून गेलं होतं! जी रेघ नकाशावर नव्हती, तीच ओढायला एकाहत्तर बायका निघाल्या होत्या, आणि हळदीचं ताट विनिताच्या हातात होतं.

तिने ठरवलं, अजून काही बिघडलेलं नाही. कशेळीचा ट्रॅफिक आहे! त्या रस्त्यावर माणसं चहा घेतात, जेवतात, फावल्या वेळात एखादा साखरपुडाही उरकतात. बस दोन तास अडकेल, नवरीकडचे कंटाळतील, साड्या बदलायला काहीतरी...

रस्ता मोकळा होता. चकचकीत! विनिताने सीटवरून वाकून बघितलं. कंटेनर नाही, टेम्पो नाही, रिक्षा नाही. एजाजभाई म्हणाले, "पंधरा वर्षांत पहिल्यांदा असा रस्ता बघतोय, ताई. दुल्हन नशीबवान आहे."

विनिताला चक्कर आली. म्हणजे तिने आणली. एकाहत्तर बायकांनी एकाहत्तर उपाय केले. कुणी कांदा हुंगवला, कुणी चप्पल हुंगवली, पार्वतीने कानात फुंकर घातली. बस काही थांबली नाही. कांद्याने डोळ्यांतून पाणी काढलं, ते मात्र खरं होतं.

अंगण

खारबावच्या अंगणात नवरीकडच्या बायका रांगेत उभ्या. सगळ्या गुलाबी साड्यांत. मधोमध हौसामामी, हातात ओवाळणीचं ताट. माहेरचं लग्न म्हणून जानकीबाईही आलेल्या (नवरा कुठला, हे विचारायचं त्यांचंही राहूनच गेलं होतं), ओट्यावर खुर्ची टाकून बसलेल्या. कमरेला किल्ली.

बसचं दार उघडलं. पोपटी, पोपटी, पोपटी... बेंजोवाल्याचा हात हवेतच राहिला.

"अगो," कुणीतरी म्हणालं, "आपल्यासारख्याच हायत!"

"सेम टू सेम!"

"सुरतेवरून मागवल्यात," चंद्राकाकू ताठ मानेने म्हणाल्या.

विनिताने श्वास सोडला. सारखी साडी तर सारखी! जगात एका रंगाच्या दोन साड्या असूच शकतात. पण हौसामामी पुढे आल्या. समोरच्या बाईच्या निऱ्यांपाशी वाकल्या. साडीच्या आतलं टोक दोन बोटांत धरून उलटं केलं.

तिथे लाल दोऱ्याच्या तीन गाठी होत्या, आणि शर्टाचं एक निळं बटण.

आता हे विनिताला कुठून माहीत असणार! ती वाढली ठाण्याच्या बिल्डिंगीत. तिथे प्रत्येकीची गॅलरी वेगळी, दोरी वेगळी. पण गावात एकाहत्तर एकसारख्या साड्या एकाच अंगणात वाळत पडल्या, की आपली कुठली? म्हणून खारबावच्या बायका साडी हातात आल्या आल्या, आतल्या टोकाला खूण टाचतात. कुणी मणी, कुणी गाठ, कुणी बटण. याच त्या अब्दुलभाईंच्या मन्नती! एकाहत्तरच्या एकाहत्तर, मोठ्या श्रद्धेने जपलेल्या!

"ही माजी साडी!" हौसामामी ओरडल्या. "ह्यांच्या शर्टाचा बटन हाय!" आणि मान वर करून बघतात तर साडीत पार्वती.

अकरा वर्षं. मामींनी साडीचं टोक काही सोडलं नाही.

"आधी खवणी नेली," मामी म्हणाल्या, "आन् आता साडी बी?"

मग जे झालं ते सांगायला दोन तोंडं लागतील. गुलाबी बायका पोपटी बायकांवर धावल्या. जी ती कुणाच्या तरी निऱ्या उलट्या करत होती! "माजा हिरवा मणी कुनाकडं?" "इकडे, इकडे, पिवळी टिकली कोणाची?" "हलू नको गो, बघू दे!" "अहो, पिना टोचतायत!" चंद्राकाकू हळदीचं ताट छातीशी धरून उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा ताटातल्या हळदीपेक्षा पिवळा पडला होता. मुलाकडची मंडळी मुलीकडच्यांच्या टाकून दिलेल्या साड्या नेसून दारात आली! लग्न मोडायला आणखी काय लागतं?

नवरीचा आजा काठी आपटत उठला. "ह्या कोनाचा धंदा हाय?"

ओट्यावर जानकीबाईंचा हात किल्लीकडे गेला. विनिताने ते पाहिलं. जारांच्या निळ्या झाकणांची चळत तिच्या डोळ्यांपुढून गेली. आणि ती एका प्लास्टिकच्या खुर्चीवर चढली.

"माझा!" ती ओरडली. "माझा धंदा आहे! आणि मुद्दाम केलंय!"

सगळ्या माना खुर्चीकडे वळल्या.

मुद्दाम का, हे तिलाही अजून ठाऊक नव्हतं. पण खुर्चीवर चढलेल्या माणसाला बोलावंच लागतं. "आपल्यात काय होतं? हळदीला दोन्हीकडच्या बायका समोरासमोर येतात. ह्या तिकडे बसतात, त्या इकडे. कुणाला कुणाचं नाव माहीत नसतं. म्हणून म्हटलं, खारबावच्या बायकांनी आपल्या अंगावरची साडी कशेळीच्या बायकांना आधीच भेट द्यायची! आणि आज, ज्या बाईच्या अंगावर आपली साडी, ती आपली विहीण! खूण शोधा, विहीण शोधा, तिला हळद लावा!"

खुर्चीचा एक पाय वाकला.

मग आजा म्हणाला, "असा हाय होय!" आणि काठी खाली ठेवली. "रीत चांगली काढलीस, पोरी."

बेंजोवाल्याने हात खाली आणला. कुणीतरी हसलं. हिरव्या मण्याची बाई सापडली, पिवळ्या टिकलीची सापडली, आणि बघता बघता गुलाबी बायका आपापल्या पोपटी विहिणीला हळद फासू लागल्या. चंद्राकाकूंच्या चेहऱ्यावर रंग परत आला. त्या शेजारणीला सांगू लागल्या, "माझीच कल्पना! मुद्दाम सुरत सांगितलं होतं!"

राहिल्या हौसामामी आणि पार्वती. मामींनी हळदीत बोटं बुडवली आणि पार्वतीच्या गालावर अशी लावली, की त्याला फासणंच म्हणावं लागेल.

"दात तरी हायत का त्या खवणीला?" मामींनी विचारलं.

"एक पडलाय," पार्वती म्हणाली. आणि दोघी रडायला लागल्या. कुणाची खवणी, हे मात्र दोघींपैकी एकीनेही सांगितलं नाही.

खारबाव महिला मंडळ (फक्त कामाचे मेसेज)

*हौसा: साडी भेट दिली ना आपन?*
*हिरवा मणी: हो मामी. खूप छान वाटलं.*
*हौसा: मग भेटीच्या बदल्यात डबा कसा ठेवायचा. पाप लागल.*
*पिवळी टिकली: 😳*
*हौसा: उद्या सगल्यांनी डबे विनिताला परत करायचे. मी टेम्पो सांगितलाय.*
*विनिता: मामी खरंच नको!! ठेवा तुम्ही!!*
*हौसा: न्हाय बाय. तू येवढी चांगली रीत काढलीस.*

भेट दिलेली साडी परत कशी मागायची? कशेळीच्या बायका साड्या घेऊन आपापल्या घरी गेल्या. हळदीने पिवळ्या झालेल्या, पण आनंदात. विनिता साडी सेंटरमध्ये आता सेंटर तेवढं उरलं होतं.

जानकीबाई शब्दाच्या पक्क्या. त्यांनी दोन्ही गावांत फोन केले. कुणाचीही, कसलीही तक्रार नाही. त्यांनी किल्ली कमरेची सोडली आणि विनिताच्या हातावर ठेवली. "एक पन तक्रार न्हाय," त्या म्हणाल्या. "आन् एक पन साडी न्हाय."

विनिताने गाळा उघडला. तेवढ्यात टेम्पो आला. एकाहत्तर डबे आत लागले, भिंतभर, चमचमत. विनिता त्यांच्याकडे बघत उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांत ती जुनी चमक आली, जी पाहून दौलत नेहमी गोदामात ओव्हरटाइम मागून घेत असे.

"आई! हळदीला मटणाचे डबे लागतात ना? एकसारखे, एकाहत्तर! भाड्याने! कुणाचे हे कुणाला कळणारसुद्धा नाही!"

जानकीबाईंनी एक डबा उचलला आणि उलटा करून तिच्या पुढे धरला. बुडाशी कोरलं होतं: *सौ. हौसा, खारबाव.* दुसरा उचलला. तिसरा. चौथ्यावर तर नवऱ्याचं नाव, तारीख आणि छोटंसं कमळसुद्धा. दोन आठवड्यांत एकाहत्तरच्या एकाहत्तर जणींनी नावं घालून घेतली होती!

"मनोज," जानकीबाईंनी हाक मारली, "झाकनं आली का रं?"

विनिता डब्यावरच्या नावावर बोट फिरवत राहिली. मग ते कमळ बघितलं. मग म्हणाली, "आई, हे कोरून कुठे घेतलं त्यांनी?"

पाटी, दुसरी

*विनिता ~~साडी सेंटर~~ नावे सेंटर. डबे, कळश्या, खवण्या यांवर नाव घालून मिळेल. आपली वस्तू ओळखून दाखवा!*

"बघा," नवशा पेंटर म्हणाला, "शेवटचं वाक्य जवळपास तसंच राहिलं."

कोरायचं मशीन आलं त्याच दिवशी पहिली वस्तू आली. खवणी. आणली पार्वतीने, आणि सोबत हौसामामी. नावं दोघींची घालायची होती. आधी कुणाचं, यावर मात्र त्या अजून गाळ्याबाहेरच्या बाकावर बसून बोलत होत्या. आवाज चढत होता. विनिताने मशीन तयार ठेवलं होतं.

मध्येच जानकीबाई खाली उतरल्या. काउंटरवर हात पसरून म्हणाल्या, "किल्ली आन गो जरा."

विनिताने किल्ली दिली. जानकीबाईंनी ती मशीनखाली ठेवली.

"हिच्यावर नाव घाल. जानकीबाई. मोठ्या अक्षरात."

"पण आई, गाळा तर माझा म्हणालात!"

"गाला तुजाच हाय," जानकीबाई म्हणाल्या. "मी कुठं गाल्यावर नाव घालते?"